वाल सोल, मग चलान बघू

ये गं, ये. चपला तिथेच राहू दे आणि आधी पंख्याखाली बस. बदलापूर ते अंबरनाथ एक स्टेशन, आणि चेहरा असा की कर्जतपासून उभी आलीयस. गाडी कुठाय? घरी? म्हणजे काल मेसेज आला आणि आज गाडीला हात लावायचा नाही? वेडी का तू? गाडीने काही केलेलं नाही, आणि तूही असं काही केलेलं नाहीस की तोंड लपवत दहा बावन्नची लोकल पकडावी.

हे घे, वाल. सकाळीच कोमट पाण्यात टाकलेत, सालं सुटतील पटापट. आज बिरडं करायचंय आणि किलोभर वाल मी एकटी सोलणार नाहीये. सोलत सोलत बोल. रडायचंच असेल तर कांदाही आहे चिरायला.

काय म्हणालीस? मेसेज बाबांच्या फोनवर आला, कारण गाडी त्यांच्या नावावर. बाबांनी तो वाचलेलाच नाही, कारण त्यांच्या फोनचं सगळं तूच बघतेस. आणि तू तो डिलीट केलास? अगं! बरं, आधी स्वतःला पाठवून ठेवलास. मग ठीक. पण मेसेज डिलीट केल्याने चलान जात नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. ती गोष्ट येईलच पुढे, तोंड गोड करून झाल्यावर.

काढ बघू फोन. आधी एकच बघायचं, मेसेज खरा आहे की कुणी टोपी घालतंय. हसू नकोस. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागे एका काकांच्या नंबरवरून 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली. काका रिटायर झालेले, सरळ माणूस, रोज सकाळी सुविचार पाठवणारे. दोघींनी उघडली. त्या फाइलच्या नावाला शेवटी 'एपीके' होतं, म्हणजे ते कागदपत्र नव्हतंच, फोनमध्ये जाऊन बसणारं अॅप होतं. एकदा आत गेलं की तुझे ओटीपी तुझ्याआधी तो चोर वाचतो. काकांचाही फोन असाच कुणाच्यातरी फाइलने बाधलेला, बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. तर बघ, चलान बघायला किंवा भरायला फोनमध्ये काहीही बसवावं लागत नाही. व्हॉट्सअॅपवर कुणी फाइल पाठवली तर ती उघडायची नाही, मग पाठवणारा सख्खा दीर का असेना. आणि चुकून उघडलीच, पैसे गेलेच, तर लाजत बसायचं नाही, लगेच 1930 ला फोन लावायचा. सायबर फसवणुकीसाठीच आहे तो नंबर. जितक्या लवकर लावशील तितकी पैसे वाटेत अडकवता येण्याची आशा.

तुझा मेसेज साधा एसएमएस आहे, गाडीचा नंबर आहे, चलानाचा नंबर आहे. खरा दिसतोय. तरी त्यातल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. आपण आपलं दार स्वतः उघडायचं. परिवहनची ई-चलानची साइट लिहून काढ, आणि पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते चष्मा लावून बघ. पुढे एखादं अक्षर इकडचं तिकडे करून हुबेहूब दुकानं थाटलेली असतात. हां, आता गाडीचा नंबर टाक. एमएच 05... आपण सगळे कल्याण आरटीओची लेकरं, उल्हासनगर काय, अंबरनाथ काय, बदलापूर काय. आता तो चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतोय. आरसीवर असतात. आरसी गाडीत आणि गाडी बदलापुरात? डिजिलॉकर बघ ना मग! तो बाबांच्या फोनवर? बरं, माझ्या बाईने गोव्याला निघताना आरसीचा फोटो काढून ठेवला असेल. काढलायस? बघ, म्हणून तू मला आवडतेस. घाबरट आहेस पण गबाळी नाहीस.

दिसलं. हे बघ, फोटोसुद्धा आहे. मोठा कर. बंपरला ती लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर तुझा तो हळदीकुंकवातला प्लास्टिकचा गणपती. गाडी तुमचीच, नशीब मानायचं तर माना. आणि स्टिअरिंगवर ओढणी दिसतेय, म्हणजे तूच. कर्नाटक, निपाणी मागे टाकल्यावर. मर्यादा 80, तुझा वेग 97. दंड हजार रुपये.

हजार रुपये गं! त्यासाठी तू रात्रभर जागलीस? परवा तुझ्याच बिल्डिंगच्या खालच्या पार्लरमध्ये यापेक्षा जास्त देऊन आलीस ते काय रडत रडत दिलेस?

आता ओरडा खा जरा, मग पुढचं सांगते. 97 म्हणजे किती, कळतंय का? सेकंदाला जवळजवळ 27 मीटर. लोकलचा एक डबा साधारण वीस-एकवीस मीटरचा. तू मागच्या सीटवरच्या लेकाला 'चिप्स सांडू नकोस' म्हणायला एक सेकंद मान वळवलीस, तेवढ्यात सव्वा डबा मागे गेला. डोळे मिटून. हमरस्त्यावर हे जाणवतच नाही, कारण आपण आपल्या कल्याण-बदलापूर रोडवर गाडी शिकलेल्या बायका. तिथे तीसचा काटा दिसला तरी सण. बेलवलीपासून कात्रपला जायला लागतो तेवढ्या वेळात तिकडे माणूस पुढच्या तालुक्यात पोचतो. मग एकदम सहा पदरी रस्ता मिळाला की उजवा पाय आपोआप जड होतो. माझाही होतो. गाडी हलत नाही, आवाज करत नाही, वाटतं साठनेच चाललोय.

आणि ते तुझे भावोजी सांगतात ना, कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा, पुढे गेलं की दाबायची? त्यांना सांग, आता ते जुनं झालं. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर 2024 च्या जुलैपासून जी नवी यंत्रणा बसली, ती दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलंस तेही मोजते. दहा किलोमीटर पाच मिनिटांत पार केलेस तर सरासरी 120 झाली, मग कमानीखालून तू रांगत जा नाहीतर पुष्पवृष्टी करत जा.

हं, ओरडून झालं. वाल कमी पडतायत का तुझ्याकडे? घे आणखी.

आता तुझी खरी भीती. 'ताई, कर्नाटकात जावं लागेल का?' खरं सांगू का, तू गुन्हा मान्य करून दंड भरणार असशील तर इथून, या पाटावरून उठायचीसुद्धा गरज नाही. मोटार वाहन कायदा देशभराचा एकच आहे. 2019 च्या सप्टेंबरपासून वाढलेले दंड लागू झाले, त्यात कारने वेग मोडला तर हजार ते दोन हजार असं लिहिलंय. जागेवर मिटवायची रक्कम मात्र ज्या त्या राज्याने ठरवायची. कर्नाटकने कारसाठी खालचं टोक धरलं, हजार. आपल्या महाराष्ट्राने वरचं, दोन हजार. म्हणजे तू चुकायचं ठिकाण तरी स्वस्तातलं निवडलंस! त्याला तडजोड शुल्क म्हणतात, ते भरलं की विषय तिथेच संपतो. लायसन्सबद्दल म्हणशील, तर वेगासाठी लायसन्स अडकवून ठेवायची गोष्ट कायद्यात आहे, पण ती दुसऱ्यांदा किंवा पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यासाठी. म्हणून पुढच्या वेळी पाय हलका ठेव.

आणि उद्या उठून अंबरनाथच्या नाहीतर उल्हासनगरच्या ट्रॅफिक चौकीत जाऊन हात जोडू नकोस. ठाणे आयुक्तालयाखाली येतात इथले पोलीस. बेळगावकडच्या चलानातला एक रुपया त्यांना कमी करता येत नाही, की खोडताही येत नाही. सज्जन असतील तर हेच सांगतील जे मी सांगतेय, आणि वर चहा देणार नाहीत.

मुदतीत भरलं नाहीस तर मात्र चलान कोर्टाकडे जाऊ शकतं. कोर्ट म्हटल्यावर डोळे मोठे करू नकोस, बरीचशी वाहतुकीची प्रकरणं आता ऑनलाइन कोर्टात जातात. 2019 मध्ये दिल्लीत सुरू झालं, मग एकेका राज्यात पोचलं. तिथे राज्य निवडायचं, गाडीचा किंवा चलानाचा नंबर टाकायचा, जो दंड लावलेला असेल तो भरायचा. पण त्याच पानावर दुसराही रस्ता असतो, 'मला हे मान्य नाही'. तो निवडलास की प्रकरण जिथे घडलं तिथल्या खऱ्याखुऱ्या कोर्टात जातं, आणि तिथे मग हजर राहावं लागू शकतं. परराज्यातल्या चलानाचं दुखणं म्हणजे एवढंच. हजार रुपयांसाठी भांडायला बेळगावची दोन माणसांची जाऊन-येऊन तिकिटं, वकील, एक रजा. कुंदा आणता येईल म्हणा! तू चुकली आहेस, फोटोत आहेस, मग भर आणि मोकळी हो.

चुकली नसतीस तर मी वेगळं सांगितलं असतं. फोटोतली गाडी आपली नसेल, नंबराचा एखादा आकडा यंत्राने भलता वाचला असेल, किंवा कुणी आपल्याच नंबरची पाटी लावून फिरत असेल, तर एक पैसा भरायचा नाही. आपण भरलं की 'हो, मीच' म्हटल्यासारखं होतं. चलानाच्या साइटवरच तक्रारीची सोय असते, तिथे पुरावा जोडायचा. पुरावा काय, तर फास्टॅगचं स्टेटमेंट बघ. त्या तारखेला त्या वेळी आपली गाडी कुठल्या टोलवरून गेली किंवा गेलीच नाही, ते मिनिटासकट असतं. सोसायटीच्या पार्किंगचं फुटेजही चालतं, पण ते आठ-पंधरा दिवसांत पुसलं जातं, म्हणून वॉचमनच्या मागे त्याच दिवशी लागायचं. पाटीचा संशय असेल तर आपल्या पोलीस ठाण्यात लेखी द्यायचं, कारण ती दुसरी गाडी उद्या कुणाला उडवून गेली तर दार आपलंच वाजेल. आणखी एक. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असा केंद्राचा नियम 2021 च्या ऑगस्टमध्ये आला. त्याच नियमात कॅमेरे लावायच्या शहरांची यादी आहे आणि तिच्यात महाराष्ट्रातली एकोणीस नावं आहेत. त्यात मुंबई-पुण्याच्या पंगतीला आपलं उल्हासनगर आणि तुझं बदलापूरही बसलंय. तेव्हा तिकडच्या कॅमेऱ्यांना नावं ठेवताना जरा बेताने.

आता माझी गोष्ट. आधी हा लाडू खा. म्हटलं होतं ना, तोंड गोड करून.

नणंदेच्या लग्नाच्या साड्या सुरतेहून आणायचं डोक्यात घेतलं होतं. गजानन मार्केट हाकेच्या अंतरावर असताना! पण मला वाटलं, थेट सुरतेला गेलं की निम्म्यात पडेल. गेले, साड्या घेतल्या, आणि येताना वापीच्या आसपास वेगात सापडले. तेव्हा घरी पोस्टाने नोटीस आली, गुजरातीत, माझ्या फोटोसकट. फोटोत मी पेढा खातेय. ह्यांना काय सांगू? नोटीस घडी करून रव्याच्या डब्यात, तळाशी ठेवली. माझ्या स्वयंपाकघरात ह्यांचा हात कशाला जातोय, असा हिशोब. आणि त्याच रविवारी ह्यांना उपमा करायची हौस आली. रवा भाजताना कढईत आधी नोटीस पडली.

बरं, तिथेही थांबले नाही. कुणीतरी म्हणालं, एक माणूस आहे ओळखीचा, पाचशेत मिटवून देतो, गुजरातमध्ये त्याची लाइन आहे. दिले पाचशे. पावती मागितली तर म्हणाला, ताई, आपल्यात पावती कसली? आठ महिन्यांनी गाडी विकायला काढली. घेणाऱ्याने सगळं तपासलं तर चलान जागच्या जागी. थकीत चलान असलं की गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना, एनओसी घेताना तिथेच अडतं. घेणारा समोर बसलाय, हे माझ्याकडे बघतायत, आणि मी मोबाइलवर दंड भरतेय. म्हणजे साड्यांत वाचलेले गेले, वर पाचशे गेले, आणि अजून घरात उपम्याला 'नोटीस' म्हणतात. 'आज नाश्त्याला नोटीस कर गं.' वीस वर्षांच्या संसारात मिळवलेलं नाव हे.

हस, हस. आता बरी दिसतेस.

तुझ्या त्या चलानात खाली कानडी मजकूर आहे तो काय, म्हणून घाबरलीस ना? आकडे ओळखता येतात, तारीख कळते, फोटो कळतो. तरी शंका नको म्हणून माझ्या बेळगावच्या आत्याला स्क्रीनशॉट टाकला मगाशीच, तू पाणी पीत होतीस तेव्हा. ती म्हणते, भरायची मुदत आणि न भरल्यास पुढे काय, एवढंच लिहिलंय, 'आणि पोरीला म्हणावं इकडूनच गेलीस तर जेवायला का थांबली नाहीस?' घे. कर्नाटक सरकारपेक्षा आत्याची नोटीस कडक आहे.

आणि तुझा नवरा काय म्हणतोय, थांब, सूट निघेल? ते अगदी हवेतलं नाही. कर्नाटकने 2023 च्या फेब्रुवारीत थकीत दंड निम्म्याने माफ केला होता, लोकांनी रांगा लावून भरला. 2025 मध्ये ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुन्हा तशी सवड दिली. आपल्याकडे लोक लोकअदालतीची वाट बघतात, तिथेही वाहतुकीची जुनी चलानं तडजोडीने मिटतात. ज्याच्या डोक्यावर दहा-बारा जुनी चलानं आहेत त्या रिक्षावाल्याने किंवा टेम्पोवाल्याने लोकअदालतीत जरूर जावं, त्याचा फायदा आहे. पण तुझं एक, हजाराचं. पाचशे वाचवायला किती महिने हे पोटात घेऊन फिरणार? त्या काळात तुझी झोप, तुझी अॅसिडिटी, आणि तू लोकलमध्ये घालवलेला वेळ, सगळं धरून बघ. मी तरी थांबणार नाही.

तसंही आपण स्वस्तात सुटतो, हे माझी न्यू जर्सीची मावसबहीण सांगेल. ती शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वेगात सापडली. तिकडे राज्यं एकमेकांना कळवतात. न्यू जर्सीत परराज्यात केलेल्या अशा गुन्ह्याचे लायसन्सवर दोन पॉइंट चढतात, आणि पॉइंट साठत गेले की भुर्दंड वेगळा. तिला दंडाचं काही वाटलं नाही, इन्शुरन्स वाढेल म्हणून जीव टांगणीला. तिनेही नवऱ्याला चार दिवस सांगितलं नव्हतं. समुद्र ओलांडला तरी रव्याचा डबा सोबत जातो बघ.

म्हणून आता बाबांचं. गाडी त्यांच्या नावावर, म्हणजे कायद्याने पहिला प्रश्न मालकाला. गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर मालकाने सांगावं लागतं. उद्या पुन्हा मेसेज आला, किंवा कुठे नाक्यावर अडवून पोलिसाने त्यांनाच 'आजोबा, तुमचं कर्नाटकाचं चलान आहे' म्हटलं, तर? ज्या माणसाने आयुष्यात कधी विनातिकीट प्रवास केला नाही, त्याला ते रस्त्यात कळणं वाईट. आणि खरं सांगू का, ते तुला वाटतात तितके ओरडणार नाहीत. त्यांनीच तर तुला गाडी शिकवली ना, बारवी धरणाच्या रस्त्यावर नेऊन? क्लच जाळलास तेव्हा काय म्हणाले होते? 'पोळीही पहिली जळते.' मग!

सांगताना मात्र आधी पावती, मग कबुली. 'बाबा, माझ्याकडून वेग जास्त झाला, दंड मी भरला, ही पावती.' एवढ्या तीन गोष्टी, याच ओळीने. रडायचं नाही, 'पण रस्ताच असा होता' म्हणायचं नाही. नवऱ्याने मध्येच 'बायकांच्या हातात गाडी दिली की' सुरू केलं तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, तू बाबांशी बोलतेयस. आणि लगे हात परिवहनच्या साइटवर गाडीला तुझा नाही तरी निदान चालू असलेला नंबर जोडलेला आहे ना ते तपास. बाबांचा हा नंबर गेला तर पुढचं चलान कुणाला कळणारच नाही, आपलं निवांत साइटवर बसून राहील.

चल, पुसून घे हात, भरून टाक आता. चलान नंबर पुन्हा एकदा ताडून बघ, गाडीचा नंबर बघ, रक्कम बघ. यूपीआय कर. फिरतंय का? फिरू दे. पैसे कापले गेले आणि पान पांढरं झालं तर घाईने दुसऱ्यांदा भरायचं नाही. मागे एकदा मी वीजबिल असंच दोनदा भरलंय आणि पुढच्या महिन्यात 'बाई, तुमचं बिल उणे आलंय' ऐकून घेतलंय. बँकेचा मेसेज ठेव, एक-दोन दिवस जाऊ दे, मग साइटवर बघ. झालं? 'पेड' दिसतंय? मग पावती उतरवून घे, बाबांना पाठवायला एक, स्वतःला मेलवर एक. आणि महिनाभराने गाडीचा नंबर टाकून पुन्हा एकदा बघ, पाटी कोरी आहे ना म्हणून.

आता शेवटचं, आणि हे कोणी सांगत नाही. आपल्या महाराष्ट्राची ई-चलानची साइट वेगळी आहे. गोव्याला जाताना बराचसा रस्ता आपल्याच राज्यातून गेलात, एक्स्प्रेस वे झाला, सातारा झालं, कोल्हापूर झालं. तिथलं काही राहिलंय का तेही आजच बघून टाक, म्हणजे बाबांसमोर एकदाच उभं राहायचं. इथे चासीचे शेवटचे चारच आकडे लागतात. हां, टाक.

एक आहे? दाखव. दोन हजार. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, आणि वेग... एकशे अठरा! अगं बाई. थांब, रडू नकोस, तारीख बघ आधी. ही तुमच्या गोव्याच्या आधीची आहे, गेल्या महिन्यातली. मंगळवार, सकाळी सव्वानऊ. मंगळवारी सव्वानऊला तू कुठे असतेस? ऑफिसच्या लोकलमध्ये, कल्याण आणि ठाण्याच्या मध्ये कुठेतरी लटकलेली.

मग पुण्याला गाडी घेऊन कोण गेलं होतं गं त्या मंगळवारी?

आता कशी हसायला लागलीस! त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव. आणि ते मूठभर वाल राहिलेत तेवढे सोल, म्हणजे फोडणी घालते. डब्यात बिरडं घेऊन जा त्याच्यासाठी, जेवताना दाखव.